मोतीबागेंतील अरुंद रूळ

नागपूरच्या मोतीबागेंत रेल्वेच्या संग्रहालयांत जुनीं वाफेचीं इंजिनें उघड्या आकाशाखालीं उभीं आहेत. त्यांचा लहान आकार पाहून मुलांना खेळण्याची आठवण होते. परंतु तो आकार मोठ्या विचारानें ठरला होता.

मुंबईहून आलेली रेल्वे १८६७ सालीं नागपुरास पोंचली. तिच्या दोन रुळांमध्यें ५ फूट ६ इंच अंतर होतें. सातपुड्याच्या डोंगरांत असा मार्ग बांधावयाचा म्हणजे अफाट खर्च; आणि विरळ वस्तीच्या मुलखांतून तो भरून निघणें कठीण. म्हणून बंगाल-नागपूर रेल्वेनें विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियापासून जबलपुराकडे २ फूट ६ इंचांचे रूळ घातले. अरुंद गाडी तीव्र वळणें घेई, हलक्या पुलांवरून जाई. पुढें छिंदवाड्याहून तसलेच रूळ नागपुरास येऊन मिळाले. काटकसरीमुळेंच रेल्वे रानांतील गांवांच्या दारीं गेली.

१४ डिसेंबर २००२ रोजीं संग्रहालय उघडलें, तेव्हां त्याच मापाच्या गाड्या नागपुराहून धांवत होत्या. रुंदीकरणासाठीं २०१५ सालीं छिंदवाड्याची, आणि २०१९ सालीं नागभीडची अरुंद गाडी थांबली. रुंदीकरण आवश्यकच होतें. माल एका गाडींतून दुसरींत चढविण्याचे कष्ट त्यानें वांचतात. परंतु चालत्या गाड्यांची शोभा म्हणून मांडलेलीं हीं इंजिनें आतां त्यांचीं साक्षीदार झालीं आहेत. रान आणि शहर यांची गांठ किती थोडक्या रुंदीवर पडली होती, हें पुढील पिढीस दाखवावयाचें, तर तिला मोतीबागेंत न्यावें.