किल्ली कोणाच्या हाती? घरच्या संगणकातील ड्रायव्हर-अपडेटचा इतिहास

१/
काल रात्रीपर्यंत संगणक ज्या प्रिंटरवर निमूटपणे छपाई करीत होता, तो प्रिंटर आज सकाळी त्याला ओळखूच येत नाही. कधी आवाज नाहीसा होतो, कधी पडदा लुकलुकू लागतो. मालकाने मध्यंतरी काहीही केलेले नसते. रात्री एक ड्रायव्हर आपोआप बदलला गेलेला असतो. हा बदल करण्याचा अधिकार नेमका कोणाचा? यंत्र विकत घेणाऱ्याचा, त्यातील भाग घडवणाऱ्या कंपनीचा, की ऑपरेटिंग सिस्टिम पुरवणाऱ्या कंपनीचा? या प्रश्नाला चार दशकांचा इतिहास आहे. आजचा धागा त्याविषयी.

२/
प्रथम संज्ञा स्पष्ट करू. ड्रायव्हर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम आणि एखादे उपकरण यांच्यामधील दुभाष्या. प्रिंटर, ध्वनी, ग्राफिक्स, वायफाय या प्रत्येकाची बोली निराळी. ती सिस्टिमला समजावून सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. मात्र या दुभाष्याचे स्थान विलक्षण आहे. पुष्कळसे ड्रायव्हर ‘कर्नल’मध्ये, म्हणजे सिस्टिमच्या बालेकिल्ल्यात वावरतात. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटा बंद पडतो. कर्नलमधील ड्रायव्हर चुकला तर संपूर्ण यंत्र कोसळते. बाहेरच्या माणसाने लिहिलेला मजकूर थेट बालेकिल्ल्यात राहतो, ही या इतिहासाची मूळ अडचण.

३/
आरंभीच्या घरगुती संगणकांवर ही व्यवस्था विस्कळीत होती. वर्डस्टार किंवा वर्डपर्फेक्ट यांसारखा प्रत्येक लेखन-प्रोग्राम आपापले प्रिंटर-ड्रायव्हर सोबत बाळगत असे. १९८३ साली आलेल्या एमएस-डॉस २.० मध्ये बाहेरचे ड्रायव्हर सिस्टिमला जोडण्याची सोय झाली. ‘कॉन्फिग डॉट सिस’ नावाच्या फाइलीत एक ओळ लिहिली की तो ड्रायव्हर संगणक सुरू होताना स्मृतीत दाखल होई. पद्धत किचकट होती, चूक झाली तर भोगावी लागे. पण बालेकिल्ल्याचे दार मालक स्वहस्ते उघडत होता आणि ती ओळ खोडून बंदही करू शकत होता.

४/
याच सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत एक छोटी पण दूरगामी घटना घडली. रिचर्ड स्टॉलमन यांनी तेथील जुन्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरफार करून, कागद अडकला की वापरकर्त्यांना सूचना मिळेल अशी सोय केली होती. पुढे झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला, पण त्याच्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर मिळाला नाही. ज्याच्यापाशी तो होता त्याने गोपनीयतेच्या कराराकडे बोट दाखवले. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीकडे आपण का वळलो हे सांगताना स्टॉलमन हा प्रसंग आवर्जून सांगत आले आहेत. १९८३ च्या सप्टेंबरात त्यांनी ‘जीएनयू’ प्रकल्पाची घोषणा केली.

५/
२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आली आणि तिच्यासोबत ‘प्लग अँड प्ले’ हे आश्वासन आले : उपकरण जोडा, उरलेले संगणक पाहून घेईल. त्याआधी साउंड कार्ड बसवायचे तर आयआरक्यू, डीएमए असले आकडे जुळवत बसावे लागे. नवी पद्धत सुरुवातीला इतकी बेभरवशाची होती की लोकांनी तिचे ‘प्लग अँड प्रे’, म्हणजे ‘जोडा आणि देवाचा धावा करा’, असे नामकरण केले. १९९६ च्या जानेवारीत यूएसबीचे पहिले मानक प्रसिद्ध झाले. इंटेलमध्ये त्यावर काम करणाऱ्या चमूतील अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे विद्यार्थी.

६/
आश्वासन आणि वास्तव यांतील अंतर २० एप्रिल १९९८ रोजी जगाने पाहिले. शिकागोच्या कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्यासमोर त्यांचे सहकारी ख्रिस कॅपोसेला यांनी विंडोज ९८ असलेल्या संगणकाला यूएसबीवर स्कॅनर जोडला. ड्रायव्हर आपोआप बसणार, एवढ्यात पडदा निळा झाला आणि संगणक कोसळला. सभागृहात हशा पिकला. दोनच महिन्यांनी, २५ जून १९९८ रोजी विंडोज ९८ विक्रीस आली. तिच्यात ‘विंडोज अपडेट’ नावाची नवी सेवा होती. मात्र तेथे वापरकर्त्याला स्वतःहून जावे लागे. सेवा आली होती, सक्ती अजून यायची होती.

७/
आपल्याकडे या सेवेचा उपयोग तेव्हा मर्यादितच होता. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी जनतेसाठी इंटरनेट खुले केले होते, पण दूरध्वनीच्या तारेवरून काही मेगाबाइटचा ड्रायव्हर उतरवणे म्हणजे वेळ आणि बिल दोन्हींची परीक्षा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या संगणकांच्या त्या काळात मदरबोर्डसोबत मिळणारी ड्रायव्हरची सीडी हा घरातला मौल्यवान दस्तऐवज असे. फॉरमॅट करणारा माणूस प्रथम तीच मागे. त्या चकतीत एक गोष्ट अनायासे साधली होती : चालणारी जुनी आवृत्ती घरातच सुरक्षित राहत होती.

८/
नव्या शतकाच्या आरंभी या प्रश्नाला आकडे मिळाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले की लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरच्या मजकुरातील चुकांचे प्रमाण उरलेल्या भागाच्या तुलनेत तिपटीपासून सातपटीपर्यंत आहे. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांच्या निबंधात विंडोज एक्सपीच्या तत्कालीन नोंदींपैकी ८५ टक्के बिघाड ड्रायव्हरमुळे होत असल्याचे नमूद झाले. संगणक बंद पडला की लोक मायक्रोसॉफ्टला बोल लावत. दोष पुष्कळदा तिसऱ्याच कंपनीच्या मजकुरात असे.

९/
मायक्रोसॉफ्टने त्यावर दोन उपाय योजले. पहिला परवान्याचा : विंडोज २००० पासून ड्रायव्हर तपासून त्यावर डिजिटल स्वाक्षरी करण्याची पद्धत रुजू लागली. दुसरा परतीचा : २००१ च्या विंडोज एक्सपीत ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण आले. नवा ड्रायव्हर बसवताना जुना जपून ठेवायचा आणि बिघाड झाल्यास तोच परत आणायचा. घरच्या वापरकर्त्याला मिळालेल्या हक्कांत मी या बटणाला फार वरचे स्थान देईन. नव्यावर विश्वास ठेवावा, पण जुने जाळू नये, हा दफ्तरखान्याचा नियम येथे यंत्राने शिकून घेतला.

१०/
२००७ च्या जानेवारीत ग्राहकांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टाने परवाना कडक केला. तिच्या ६४ बिट आवृत्तीत स्वाक्षरीविना कर्नल-ड्रायव्हर चालेनासे झाले. तरीही ग्राफिक्सची रचना मुळापासून बदलल्याने हाहाकार उडाला. पुढे एका खटल्यात उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, २००७ मधील व्हिस्टाच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी २८.८ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे झाले होते आणि १७.९ टक्के खुद्द मायक्रोसॉफ्टच्या मजकुरामुळे. स्वाक्षरी ड्रायव्हर कोणाचा आहे हे सांगते. तो तुमच्या यंत्रावर नीट चालेल याची हमी ती देत नाही.

११/
२०१४ च्या ऑक्टोबरात प्रश्नाने वेगळेच वळण घेतले. एफटीडीआय ही ग्लासगोची कंपनी यूएसबी आणि सीरियल जोडणी यांत दुवा साधणाऱ्या चिप बनवते. या चिपच्या नकला बाजारात बोकाळल्या होत्या. कंपनीचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून घरोघरी पोहोचला. नकली चिप आढळली की तिच्यातील ओळख-क्रमांक पुसून तो शून्य करायचा, अशी त्याची करणी होती. ते उपकरण मग कोणताही संगणक सहजी ओळखत नसे. आपल्या उपकरणात नकली चिप आहे हे पुष्कळ ग्राहकांना ठाऊकही नव्हते. ओरड होताच तो ड्रायव्हर मागे घेण्यात आला.

१२/
या प्रसंगाचे महत्त्व नीट ध्यानात घ्यायला हवे. येथे चूक झालेली नव्हती. मजकूर ठरवल्याप्रमाणेच वागला होता. कंपनीचे नुकसान खरे होते, नकलेविरुद्धचा तिचा रागही रास्त होता. पण शिक्षा नकली माल विकणाऱ्याला न होता, तो अजाणता विकत घेणाऱ्याला झाली, तीही त्याने सुरक्षिततेसाठी उघड्या ठेवलेल्या दारातून. आपोआप येणाऱ्या अपडेटचा पाया विश्वास आहे आणि तो विश्वास तिसऱ्या पक्षाच्या हितासाठी वापरला जाऊ शकतो, हे तेव्हा प्रथमच इतक्या ढळढळीतपणे दिसले.

१३/
नऊच महिन्यांनी, २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० आली. तिच्या ‘होम’ आवृत्तीत अपडेट नाकारण्याची नेहमीची सोय काढून टाकण्यात आली आणि ड्रायव्हरही त्याच प्रवाहात आले. प्रकाशनाच्या सुमारासच ग्राफिक्स ड्रायव्हरवरून तक्रारी उठल्या : विंडोज एक आवृत्ती बसवी, एनव्हिडियाचा स्वतःचा प्रोग्राम दुसरी. तेव्हा मायक्रोसॉफ्टने नको ते अपडेट लपवण्याचे एक स्वतंत्र साधन उपलब्ध केले. २०१६ मध्ये ‘प्रो’ आणि वरच्या आवृत्त्यांना ड्रायव्हर वगळण्याचे धोरण मिळाले. २०२० मध्ये ऐच्छिक ड्रायव्हरसाठी सेटिंग्जमध्ये निराळे पान आले. नकाराची साधने परत आली, पण प्रत्येक वेळी ओरड झाल्यानंतर. आणि स्वस्त आवृत्ती घेणाऱ्याच्या वाट्याला त्यांतील थोडीच आली.

१४/
मग आपोआप अपडेट म्हणजे निव्वळ जुलूम, असे म्हणावे काय? तसे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. जुना, सदोष ड्रायव्हर हे घुसखोरांचे आवडते भुयार आहे. २०२२ मध्ये ‘गेनशिन इम्पॅक्ट’ या लोकप्रिय खेळाच्या फसवणूक-रोधक ड्रायव्हरचा वापर करून खंडणीखोरांनी अँटिव्हायरस बंद पाडल्याचे उघड झाले. ज्या संगणकांवर तो खेळ नव्हता, तेथेही तो स्वाक्षरीकृत ड्रायव्हर सोबत आणून हे साधता येत होते. त्याच वर्षीपासून विंडोज ११ मध्ये धोकादायक ड्रायव्हरची काळी यादी मुळातच चालू ठेवण्यात आली. कोट्यवधी लोक स्वतःहून कधीच काही अद्ययावत करीत नाहीत, हे वास्तव सक्तीमागे आहे.

१५/
दुसरी बाजू १९ जुलै २०२४ ला दिसली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या कर्नल-ड्रायव्हरने वाचावयाची एक फाइल सदोष निघाली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. भारतातील विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली. हे अपडेट विंडोज अपडेटमधून आले नव्हते आणि फटका मुख्यतः संस्थांना बसला. घरचे संगणक बहुतांशी बचावले. धडा मात्र सर्वांना लागू आहे. बिघाड काही मिनिटांत जगभर पोहोचला. दुरुस्तीसाठी असंख्य ठिकाणी माणसाला यंत्रासमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

१६/
लिनक्सच्या जगाने निराळी वाट धरली. तेथे बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच विकसित होतात आणि कर्नलबरोबरच अद्ययावत होतात. उबुंटू किंवा फेडोरावर नवा कर्नल बसला तरी आधीचा राखून ठेवला जातो. नव्याने दगा दिला तर संगणक सुरू होतानाच्या यादीतून जुना निवडता येतो. तेथेही अडचणी आहेतच, विशेषतः बंदिस्त ग्राफिक्स ड्रायव्हरच्या. पण परतीची वाट मूळ रचनेतच धरलेली आहे.

१७/
या इतिहासातून घरच्या विंडोज संगणकासाठी काय घ्यावे?
• सुरक्षेची अपडेट थांबवू नयेत. ऐच्छिक यादीतील ड्रायव्हर मात्र काही बिघाड असेल तरच घ्यावा.
• सिस्टिम रिस्टोअर चालू आहे ना, हे पाहावे. अनेक संगणकांवर ते बंद असते.
• बिघाड झाल्यास डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ‘ड्रायव्हर’ पानावर ‘रोल बॅक’ पाहावे. मागची आवृत्ती शिल्लक नसेल तर बटण फिके दिसते.
• वायफायचा चालू ड्रायव्हर निर्मात्याच्या संकेतस्थळावरून घेऊन पेन ड्राइव्हवर ठेवावा. तोच बिघडला तर बाकीचे उतरवणार कसे?
• बायोस किंवा फर्मवेअरचे अपडेट वेगळे समजावे. तेथून मागे फिरणे कठीण, प्रसंगी अशक्य असते; वीज जाण्याची शक्यता असताना ते सुरू करू नये.

१८/
१९८३ मध्ये किल्ली मालकाकडे होती, पण कुलूप चालवण्याचे कसब फार थोड्यांना होते. आज कुलूप आपोआप चालते आणि किल्ली दूरवरच्या सर्व्हरवर असते. जुना काळ परत यावा अशी इच्छा धरण्यात अर्थ नाही. त्या काळातील असुरक्षितता आपल्याला परवडणार नाही. परंतु एक मागणी रास्त आहे आणि ती ‘होम’ आवृत्ती घेणाऱ्यालाही लागू व्हावी : माझ्या यंत्रात काय बदलले ते मला कळावे आणि बिघडल्यास कालच्या स्थितीला परतता यावे. हे दोन्ही हक्क आजवर मागितल्यावरच मिळाले आहेत. तोवर लॅमिंग्टन रोडच्या त्या सीडीची आठवण ठेवून चालणाऱ्या ड्रायव्हरची एक प्रत घरात असू द्यावी.

धागा समाप्त. आपल्याकडे जुन्या ड्रायव्हर-सीडी अजून असतील तर त्यांवरचे साल जरूर कळवा.