१९८६चे घड्याळ, २०२५चे ऊन आणि मुंबईचा घड्याळजी

थ्रेड. एप्रिल २०२५मध्ये जिनिव्हाच्या वार्षिक घड्याळ-प्रदर्शनात टॅग ह्युअर या स्विस कंपनीने 'फॉर्म्युला वन सोलरग्राफ' ही मालिका सादर केली. ठसठशीत रंगांची, ३८ मिलिमीटर व्यासाची, उन्हावर चालणारी क्रीडा-घड्याळे. त्यांचे रूप मात्र मुद्दाम जुने ठेवलेले आहे. याच कंपनीने १९८६ साली काढलेल्या रंगीत घड्याळांची ती पुनरावृत्ती होय.

जिनिव्हात बसून सांगितला तर हा इतिहास सरळ आहे. मुंबईतून, त्यातही देवनारहून पाहिला की त्याला निराळे वळण लागते. कारण १९८६चे ते घड्याळ मुंबईच्या दुकानांत रीतसर विकायला आलेच नव्हते. मग त्या काळी इथल्या मनगटावर काय होते, आणि ते चालते कोण ठेवत होते?

आधी १९८६कडे पाहू. २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत सेइकोने 'अ‍ॅस्ट्रॉन' हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. क्वार्ट्झचा स्फटिक विजेच्या सूक्ष्म प्रवाहाने ठरावीक गतीने कंप पावतो; आजच्या बहुतेक घड्याळांत ही गती सेकंदाला ३२,७६८ इतकी असते. ही संख्या पंधरा वेळा निम्मी केली की सेकंदाला बरोबर एक स्पंद उरतो. चावी द्यायची कमान, तिला आवरणारे चक्र, त्यातले तेल, ही सारी यातायात त्यामुळे अनावश्यक ठरली. स्वित्झर्लंडच्या घड्याळ-उद्योगात १९७०च्या सुमारास ९० हजारांच्या आसपास माणसे होती. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती एक-तृतीयांशावर आली.

यातून सावरण्यासाठी स्विसांनी जो मार्ग काढला तो रंगाचा होता. मार्च १९८३मध्ये 'स्वॉच' आले: प्लास्टिकचे, स्वस्त, केवळ ५१ भागांचे. त्याची काच देहाला कायमची जोडलेली असे. सेलची झडप तेवढी उघडायची; बाकी बिघडले की टाकून द्यायचे. ह्युअर ही १८६०पासूनची कंपनी १९८५ साली टॅग या उद्योगसमूहाच्या हाती गेली आणि पुढच्याच वर्षी नव्या जोडनावाने पहिले घड्याळ निघाले, ते 'फॉर्म्युला वन'. पोलादावर रंगीत प्लास्टिकचे आवरण, आत क्वार्ट्झ, व्यास ३५ मिलिमीटर. तरुणांसाठी, मोटारशर्यतीच्या झगमगाटाशी नाते सांगणारे, जणू खेळणे वाटावे असे.

त्याच वर्षी भारतात घड्याळ म्हणजे एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ची. तिचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने उभा राहिला. सिटिझन हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे. 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कांचन' ही त्या घड्याळांची नावे मराठी घरांतही तोंडपाठ होती. मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या मुलाला, लग्नात जावयाला, नोकरीच्या पहिल्या पगारातून स्वतःला द्यायची ती वस्तू होती. रोज सकाळी चावी द्यायची आणि दर काही वर्षांनी घड्याळजीकडून तेलपाणी करून घ्यायचे, हा तिच्याशी जडलेला करारच होता म्हणा.

परदेशी घड्याळांवर तेव्हा आयातबंदी आणि जबर जकात होती. त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्याला सोने आणि ट्रान्झिस्टर यांच्या बरोबरीने मनगटी घड्याळेही चोरवाटेने उतरत. हाजी मस्तानसारख्यांचे साम्राज्य ज्या मालावर उभे राहिले त्यात घड्याळांचा वाटा मोठा होता. १९७४ साली केंद्राने तस्करीविरोधी स्थानबद्धतेचा 'कॉफेपोसा' कायदा केला; मस्तानसह अनेक जण अटकेत गेले, पण माल थांबला नाही. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यात तो उघड मिळे. पावती नाही, हमी नाही, आणि मुख्य म्हणजे सुटे भाग नाहीत.

हा शेवटचा मुद्दा सहसा दुर्लक्षिला जातो. चोरवाटेने घड्याळ येऊ शकते. त्याच्यामागून त्याचे दुरुस्ती-केंद्र येत नाही. दहा वर्षांनी तबकडीवर डाग पडला, पावसाळ्याच्या दमटपणाने काटे गंजले, तर मूळ कंपनीची तबकडी आणायची कोठून? मुंबईच्या कारागिरांनी यावर स्वतःचे उत्तर शोधले. जुन्या तबकडीवरचा रंग उतरवायचा, नवा चढवायचा, आकडे आणि नाव पुन्हा छापायचे. एका घड्याळाचे यंत्र, दुसऱ्याचे कवच, तिसऱ्याचे काटे. हळूहळू मूळ तबकडी जशी होती तशीच करण्याचे बंधनही सुटले. नारिंगी, पोपटी, भडक निळ्या, दुरंगी अशा तबकड्या निघू लागल्या. कारखान्याच्या कोणत्याही सूचीत त्या रंगांचा उल्लेख नसे.

जगभरातील घड्याळ-संग्राहक आज अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि बहुधा नाक मुरडूनच म्हणतात. नवशिक्याने त्यापासून दूर राहावे, असा सल्ला त्यांच्या वर्तुळात नेहमी दिला जातो. संग्राहकाच्या दृष्टीने तो योग्यही आहे: रंगवलेली तबकडी मूळ म्हणून विकणे ही फसवणूकच. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ही नापसंती अपुरी पडते. जे घड्याळ अन्यत्र केव्हाच भंगारात गेले असते, ते इथे तिसऱ्या मालकाच्या मनगटावर चालत राहिले. रंगीत, जुन्या धाटणीचे क्रीडा-घड्याळ ही कल्पना कोणा आरेखनकाराने नव्हे, तर टंचाईने मुंबईत आधीच जन्माला घातली होती.

मग क्वार्ट्झ इथेही आले. टाटा समूह आणि तामिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांनी १९८४ साली टायटन स्थापन केली. १९८७मध्ये होसूरच्या कारखान्यातून घड्याळे बाजारात आली. एचएमटीने १९८०च्या दशकाच्या आरंभीच क्वार्ट्झ घड्याळ काढले होते, तथापि तिचा भर चावीच्या घड्याळांवरच राहिला. तो निर्णय तिला भोवला. १९९१नंतर आयातीची बंधने सैल होत गेली, २००१पर्यंत ग्राहकोपयोगी वस्तूंवरील उरलीसुरली संख्यात्मक बंधनेही गेली. जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली.

या पालटात घड्याळजीचे काय झाले, हे कोणत्याही कंपनीच्या अहवालात सापडणार नाही. त्याच्या कामाचे स्वरूप पाहिले की ते समजते. पूर्वी तो यंत्र पूर्ण उकलून धुई, कमान बदली, तोलचक्राचा केसासारखा बारीक तार सरळ करी. क्वार्ट्झ घड्याळात यातले फारसे काही उरले नाही. रेल्वे स्थानकाबाहेरच्या काचेच्या पेटीवर मग दोनच सेवा ठळक अक्षरांत दिसू लागल्या: सेल बदलून मिळेल, पट्टा बदलून मिळेल. डोळ्याला लावायचे भिंग राहिले, त्यातून पाहण्यासारखे काम आटले.

आणि तो काढलेला सेल? इथे देवनार येते. १९२७पासून मुंबईचा कचरा देवनारच्या क्षेपणभूमीवर येत आहे. शंभराहून अधिक हेक्टरांवर त्याचे डोंगर उभे राहिले, आणि जानेवारी २०१६च्या अखेरीस लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला. (एचएमटी वॉचेसच्या बंदीचा निर्णय आणि ही आग एकाच महिन्यातली, योगायोगापलीकडे त्यात अर्थ शोधू नये.) घड्याळाचा सेल बोटाच्या पेराएवढा. त्यात चांदीचे ऑक्साइड, जस्त आणि जुन्या बनावटीच्या सेलांत थोडा पारा. डोंगराच्या मानाने ही राई. पण नियमांच्या दृष्टीने ती दीर्घकाळ अदृश्यच राहिली: २००१च्या बॅटरी-नियमांचा रोख शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांवर होता, असे छोटे सेल २०२२च्या नियमांनी कक्षेत आणले. तोवर घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर तो जिथे जाई तिथे जाई. क्षेपणभूमीवर कचरा वेचणाऱ्यांना घड्याळाचे कवच आणि पट्टा विकता येतो. सेलाला भाव नाही.

सेलाची ही कटकट टाळण्याचा प्रयत्न क्वार्ट्झइतकाच जुना आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने एप्रिल १९५४मध्ये सिलिकॉनचा पहिला व्यवहार्य सौरघट जाहीर केला. चार वर्षांनी 'व्हॅनगार्ड १' उपग्रह त्याच्या बळावर संदेश पाठवू लागला. मनगटावर तो आणला रॉजर रील या अमेरिकी अभियंत्याने, १९७०च्या दशकाच्या आरंभी, आकड्यांच्या घड्याळात. काटे असलेले पहिले सौर घड्याळ १९७६चे, आणि ते काढले सिटिझनने. एचएमटीला घड्याळ करायला शिकवणाऱ्या त्याच सिटिझनने. बंगळूरला मात्र ही विद्या त्या मूळ सहकार्यातून पोहोचली नाही. वर्षभर कडक ऊन असणाऱ्या देशाच्या सरकारी कारखान्यात चावीची घड्याळेच होत राहिली.

१९७६च्या त्या घड्याळात सौरपट्ट्या तबकडीवर उघड्या दिसत, काळपट आणि चकाकत्या. अडचण मूलभूत होती. उजेड आत गेला तर वीज; उजेड बाहेर परतला तर रंग. म्हणजे तबकडी जितकी रंगीत, तितका सौरघट उपाशी. यावर तोडगा १९९५च्या सुमारास निघाला, तोही सिटिझनकडूनच: अर्धपारदर्शक तबकडी, जिच्यातून थोडा उजेड झिरपतो आणि जी डोळ्याला अपारदर्शक वाटते. कमी उजेडात भागणारा सौरघट आणि काटकसरीचे यंत्र यांची जोड मिळाल्यावरच लालभडक सौर घड्याळ शक्य झाले. आजच्या मालिकांतले रंग म्हणूनच केवळ हौस नव्हे; त्यांच्यामागे वीस वर्षांचा खटाटोप आहे.

'फॉर्म्युला वन सोलरग्राफ'च्या कंपनीचा दावा असा: दोन मिनिटांच्या उन्हावर घड्याळ दिवसभर चालते, पूर्ण भरल्यावर अंधारात दहा महिने टिकते. तिचे यंत्र स्वित्झर्लंडच्या ला शो-दे-फाँ येथील ला जू-पेरे या कारखान्याच्या सहकार्यातून आलेले. तो कारखाना २०१२पासून सिटिझनच्या मालकीचा आहे. म्हणजे स्विस नावाच्या, १९८६च्या युरोपची आठवण जागवणाऱ्या या घड्याळाचे आणि मराठी घरांतल्या 'जनता'चे कूळ एका टोकाला जुळते. २०२५मध्ये अमेरिकेत त्याची किंमत सुमारे १,८०० डॉलरपासून सुरू होत होती. चोर बाजारातल्या 'मुंबई स्पेशल'साठी काही शे रुपयांपासून घासाघीस करता येते.

सौर घड्याळातही साठवणीचा सेल असतोच, फक्त तो पुन्हापुन्हा भरता येतो. त्याचे आयुष्य कंपनी पंधरा वर्षे सांगते. २०२५मध्ये घेतलेली घड्याळे त्या हिशेबाने २०४०च्या सुमारास उघडावी लागतील, आणि तो सेल पानपट्टीच्या शेजारच्या काचेच्या पेटीत मिळणारा साधा सेल नव्हे. एचएमटीचे 'पायलट' आजही दुरुस्त होते. त्याचे सुटे भाग बंद कारखान्यांच्या उरलेल्या साठ्यातून आणि मोडलेल्या दुसऱ्या 'पायलट'मधून येतात. तबकडी खराब असेल तर ती रंगवूनही मिळते, हव्या त्या रंगात.