पोथीची रीत, शाळेतली गोष्ट

आमच्या माणदेशात शाळा यायच्या कितीतरी आधीपासनं गोष्ट वाचायची एक रीत होती. चातुर्मासात देवळात पोथी लागायची. श्रीधरस्वामी नाझरेकरांनी १७०२ साली 'हरिविजय' पुरा केला, १७१२ साली 'पांडवप्रताप'. हे ग्रंथ गावोगाव जगले ते ऐकणाऱ्यांच्या जिवावर. एकजण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा आणि मधेच कुणीतरी थांबवायचं. मागणारा इंद्र आहे हे ठाऊक असून कर्णानं कवचकुंडलं दिली कशी? यावर अर्धी रात्र सरायची. कुणी म्हणायचं दानशूर, कुणी म्हणायचं हट्टी. एखादी म्हातारी म्हणायची, "आरं, सूर्यानं त्याला आधीच बजावलं होतं, ते इसरलासा का?" अंगठा उठवणारी माणसं, पण मागचं पुढच्याला जोडून बघत होती.

शाळेत ही रीत सुटली. १९६७ ला बालभारती निघाली, पुस्तकं देखणी झाली, धडेही चांगले होते. पण धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं पाठ करायची आणि संदर्भासह स्पष्टीकरण गाईडातनं उतरायचं, एवढंच वाचन उरलं.

बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या मराठीच्या गुरुजींनी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' वर्गात वाचायला घेतली. १९५५ सालची ही कादंबरी. शेवटच्या तासाला चार पानं वाचायचे की पुस्तक मिटायचे, थेट पोथीसारखं. पहिलाच प्रश्न, "ही गोष्ट सांगतंय कोण?" बरीच पोरं ओरडली, "माडगूळकर!"

"मग त्या मास्तरचं नाव काय?"

राजाराम सौंदणीकर. 'मी' म्हणणारा तो लिहिणाराच असतो असं नाही, हे वर्गाला त्या दिवशी उमगलं. "मास्तरला दिसत नाही असं तुम्हाला काय दिसतंय?" असंही गुरुजी विचारायचे. हा प्रश्न मला अजून पुरतोय.

शेवटाकडं पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, वाडी उठून जाते. गुरुजींनी विचारलं, "एवढं होतंय, तरी लेखक आरडाओरडा का करत नाही?" वर्ग गप्प. मागनं एक धनगराची पोर उठली. बहात्तरात तिच्या घरची मेंढरं गेली होती, आईबाप खडी फोडायला होते.

"जाणाऱ्याला रडायला येळ नसतो, गुरुजी. भांडी बांधायची असत्यात."

वार्षिक परीक्षेला यातलं काही आलं नाही. ती पोर नववीनंतर शाळेत दिसली नाही. जाताना पुस्तक तिनं मागून नेलं होतं. गुरुजींनी ते परत मागितलं नाही.