बेकरीतली ती मुलगी

मागच्या आठवड्यात नातीने लॅपटॉपवर एक अमेरिकन कार्यक्रम दाखवला. एबीसी वाहिनीवर २००८ साली सुरू झालेला, 'व्हॉट वुड यू डू?'. टेक्सासमधल्या वेकोजवळची बेकरी. हिजाब घातलेली मुलगी येते, काउंटरवरचा माणूस तिला काही द्यायचं नाकारतो. दोघेही नट! गिऱ्हाइकं मात्र खरी. १३ जण तिच्या बाजूने बोलले, ६ जणांनी विक्रेत्याची री ओढली आणि २२ जण गप्प राहिले.

छुपा कॅमेरा तसा जुना. अ‍ॅलन फंटने १९४८ मध्येच तो टीव्हीवर आणला, पण हसवायला. गप्प बसणाऱ्यांचा अभ्यास सुरू झाला तो न्यूयॉर्कमध्ये १९६४ साली किटी जेनोवीजचा खून झाल्यावर. ३८ जणांनी नुसतं पाहिलं, असं छापून आलं होतं. (ती बातमी फुगवलेली होती हे पुढे कळलं, असो.) त्यावरून डार्ली आणि लाताने यांनी १९६८ मध्ये खोलीत धूर सोडून पाहिला. माणूस एकटा असला तर शंभरातले ७५ सांगायला उठले. शेजारी दोघे ढिम्म बसवले, तर फक्त १०.

नातीने विचारलं, "आबा, तुम्ही बोलला असतात?"

१९७४ साली मी एका खेड्यात नवा मास्तर होतो. शाळेसमोरच्या हॉटेलात माझ्या एका सहकाऱ्याला चहा वेगळ्या, कान तुटलेल्या कपात मिळे. पिऊन झाला की तो स्वतः विसळून बाहेर कोनाड्यात ठेवी. मी शेजारीच बसून बशीतून चहा पीत असे. दोन वर्षं.

नातीला हे सांगितलं. तिने त्याचं नाव विचारलं. तेवढं आठवत होतं.