ओवी : उखळापासून ग्रंथापर्यंत

चिनी वाङ्मयाचा इतिहास सांगताना प्रत्येक राजवटीला तिचा एक रचनाप्रकार जोडण्याची रीत आहे. थांग काळातील (६१८–९०७) कविता, सुंग काळातील चालींवर बांधलेली गीते, युआन काळातील नाटके आणि पुढील मिंग व छिंग राजवटींतील कादंबऱ्या, असा तो क्रम होय. या क्रमामागे एक सूत्र आढळते. नवा प्रकार बहुधा गाणाऱ्या स्त्रिया आणि बाजारातील कथेकरी यांच्या तोंडी वाढतो. मग विद्वान तो उचलतात आणि नियमांत बसवितात. थांग राजवटीत तर काव्यरचना हा सरकारी परीक्षेचाच एक भाग होता. प्रकार प्रतिष्ठित होतो खरा. पण तो मूळ कोणाचा होता, याचा पुष्कळदा विसर पडतो.

मराठीतील ओवीची कथा याहून फारशी निराळी नाही. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या सुमारास रचलेल्या संस्कृत ग्रंथात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद सापडते. मुसळाच्या घावाबरोबर आणि जात्याच्या घरघरीबरोबर ही रचना घडली. १२९० साली ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्यासाठी तीच निवडली. तत्त्वचर्चेची भाषा तेव्हा संस्कृत होती. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्यांनी तो विषय बायाबापड्यांच्या कानांपर्यंत नेला. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि चौथा आखूड, मोकळा चरण. अक्षरसंख्येचाही जाच नाही. त्यामुळे युक्तिवाद आणि दृष्टांत, दोहोंनाही ओवीत ऐसपैस जागा मिळाली. तिच्याच घडणीतून पुढे अभंग आकाराला आला आणि नामदेव-तुकारामांच्या कीर्तनांतून तो गावोगाव पसरला.

पंडित कवींच्या हाती मात्र काव्याचे वळण पालटले. वामन पंडितांचा श्लोक आणि मोरोपंतांची (१७२९–१७९४) आर्या यांना वृत्ताची आणि यमकाची शिस्त होती. ओठांनी उच्चारावयाची व्यंजने वर्ज्य करून ‘निरोष्ठ रामायण’ रचण्यापर्यंत मोरोपंतांचे कौशल्य गेले होते. ते थोर होते यात संशय नाही. तथापि त्याची गोडी कळण्यास व्युत्पन्न श्रोता लागे. त्याच काळात डफ-तुणतुण्यावर शाहिरांचे पोवाडे आणि लावण्या रंगत होत्या. सोलापूरच्या विद्वान घराण्यातील राम जोशी (१७६२–१८१२) तमाशाच्या फडात उभे राहिले. काव्याला पुन्हा मोकळ्या हवेत येण्याची निकड भासली होती, याची ती साक्ष होय.

मराठीचे वैशिष्ट्य हे की ओवी ग्रंथात गेली, तरी तिने घर सोडले नाही. पोथीतील ओवी आणि जात्यावरची ओवी शतकानुशतके शेजारी नांदल्या. पोथीवर कवीचे नाव राहिले. दळणाऱ्या स्त्रीचे नाव, जनाबाईंसारखे अपवाद वगळता, पिठाबरोबर विरून गेले. खानदेशातील निरक्षर बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी घरच्या माणसांनी उतरून ठेवली म्हणून १९५२ साली ती प्रसिद्ध होऊ शकली. अशी किती भांडारे कोणी न उतरविल्यामुळे लोपली असतील, त्यांची गणती नाही.

पिठाच्या गिरण्या गावोगाव आल्या आणि जाती थांबली. तेव्हा, विसाव्या शतकाच्या अखेरीस, हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या संग्रहात गाणारीचे नाव आणि तिचे गावही नोंदलेले आढळते. सोमेश्वराच्या ग्रंथात तिचा उल्लेख केवळ ‘स्त्रिया’ असा होता. तिच्या नावाची नोंद होण्यास साडेआठशे वर्षे लागली.