परभणीची वाट: जनावरांच्या तातडीच्या उपचाराचा इतिहास

पेडगाव म्हटले की बहुतेकांना श्रीगोंदा तालुक्यातील, भीमेकाठच्या बहादूरगडाचे पेडगाव आठवते. परंतु येथे अभिप्रेत असलेले गाव परभणी तालुक्यातील, मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचे, ज्वारी-कापसाच्या काळ्या रानातले पेडगाव आहे. अशा गावांतील जनावरांच्या उपचाराचा इतिहास तपासताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. शासनाची पशुवैद्यकीय यंत्रणा साथीपासून कळप वाचवण्यासाठी उभी राहिली. रात्री-अपरात्री अडलेल्या एकट्या गाईची निकड तिच्या रचनेत उशिरा आली आणि घरात पाळलेल्या कुत्र्या-मांजराची त्याहूनही उशिरा.

प्राचीन परंपरेत पशुवैद्यकाचा ग्रंथनिविष्ट भाग मुख्यतः घोड्या-हत्तींचा होता. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेले अश्ववैद्यक हे सैन्याच्या आणि दरबाराच्या गरजेतून जोपासले गेले, तर कुणब्याच्या बैलाच्या वाट्याला गावातला जाणकार माणूस आला. या जाणकाराचे ज्ञान सरसकट टाकाऊ मानणे अन्यायाचे ठरेल. कोवळा हिरवा चारा अधाशीपणे खाल्लेल्या जनावराला पोटफुगी होते, म्हणजे पहिल्या मोठ्या कोठीपोटात वायू कोंडून त्याचा दाब फुप्फुसांवर येतो, आणि काही तासांतच जनावर गुदमरून मरू शकते. अशा वेळी गोडेतेल पाजणे आणि ढेकर निघावी म्हणून तोंडात लाकूड आडवे बांधणे हे गावठी उपाय शास्त्राच्या कसोटीलाही उतरतात, कारण तेलामुळे पोटातील फेस मोडतो. जीव जाण्याची वेळ आली की डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामधल्या खोलगट जागेत, छिद्र पाडून वायू काढावा लागतो. त्यासाठी पशुवैद्य वापरतात ते ट्रोकार हे नळीत बसवलेल्या टोकदार सुईसारखे उपकरण. याउलट सुजेवर तापल्या लोखंडाने डाग देण्याच्या प्रथेने मुक्या जीवांना विनाकारण यातना झाल्या, हेही तितक्याच स्पष्टपणे नोंदवले पाहिजे.

ज्वारीच्या मुलखातील एका आपत्तीपुढे मात्र जाणकाराचेही काही चालत नसे. पावसाने ताण दिल्यावर खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य साठते, जनावराच्या पोटात त्यापासून हायड्रोसायनिक आम्ल तयार होते, आणि भर रानात चांगला धडधाकट बैल थोड्याच वेळात धापा टाकत कोसळतो. त्यावर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट ही औषधे शिरेतून द्यावी लागतात, आणि तीही लगेच. त्यामुळे औषध माहीत असणे पुरेसे नव्हते, ते देणारा हात जवळ असणे आवश्यक होते.

तो हात मुंबईत तयार होऊ लागला. सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला उभ्या राहिलेल्या बाई साकरबाई रुग्णालयाच्या आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेली इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८९३ मध्ये कुमाऊंतील मुक्तेश्वरला हलवण्यात आली. या प्रयोगशाळेपुढचे मोठे लक्ष्य बुळकांडी होते. ज्वर, तोंडातले व्रण आणि जीवघेणी हगवण यांनी गोठेच्या गोठे रिकामे करणारा हा विषाणूजन्य रोग जगातून २०११ मध्ये हद्दपार झाल्याचे घोषित झाले. या संस्था उभ्या राहिल्या तेव्हा पेडगाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे परळचे रुग्णालय अंतरानेच नव्हे तर राज्याच्या हद्दीनेही दूर होते.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे राज्यात रूढ झालेल्या व्यवस्थेत श्रेणी-१ दवाखान्यात पदवीधर पशुवैद्य, तर श्रेणी-२ दवाखान्यात पदविकाधारक पशुधन पर्यवेक्षक असे. लसीकरण, कृत्रिम रेतन आणि नोंदी यांच्या वेळापत्रकात बांधलेल्या या दवाखान्यांची वेळ दिवसाची होती, आणि आडवे वासरू किंवा बाहेर आलेले मायांग यांना वेळेचे बंधन नसते.

परभणीच्या बाबतीत खरा बदल १९७२ मध्ये झाला. दुष्काळाच्या त्या वर्षी मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना झाली आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय मिळाले, जे पुढे नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाकडे गेले. महाविद्यालयाला शिकवण्यासाठी रुग्ण लागतात, म्हणून त्याच्यासोबत चिकित्सालय येते. शस्त्रक्रिया, प्रसूतिशास्त्र आणि औषधशास्त्र या शाखा एकाच आवारात असलेली अशी जागा पेडगावच्या शेजारी निर्माण होणे, हे या परिसराच्या पशुपालकांचे मोठे भाग्य होय.

कुत्र्याकडे वैद्यकाचे लक्ष दीर्घकाळ एकाच कारणाने गेले: पिसाळलेल्या कुत्र्यामुळे माणसाला होणारा रेबीज. १८८५ मध्ये पाश्चरने लस दिली ती कुत्रा चावलेल्या मुलाला. रेबीज झालेल्या कुत्र्याला वाचवणारा उपचार आजही नाही. कुत्रा स्वतः रुग्ण म्हणून दवाखान्याच्या दारात आला तो बराच नंतर. १९७८ च्या सुमारास जगभर पसरलेल्या पार्व्हो या विषाणूने लहान पिल्लांना उलट्या आणि रक्ताची हगवण लागून दोन-तीन दिवसांत मरण येते. वेळेवर शिरेतून सलाईन मिळाले तर त्यातली पुष्कळ वाचतात.

बैल आणि पिल्लू या दोन रुग्णांची निकड सारखी असली तरी त्यांचा प्रवास उलट दिशांचा आहे. कोसळलेला बैल उचलून नेता येत नाही, म्हणून डॉक्टरलाच गोठ्यापर्यंत यावे लागते. १९६२ हा टोल फ्री क्रमांक आणि फिरती पशुचिकित्सा वाहने याच गरजेतून, मुख्यतः पशुधनासाठी आली. पिल्लू मात्र पिशवीत मावते. म्हणून त्याच्यासाठी गाडी गावात येण्याची वाट कोणी पाहत नाही. पोत्यात किंवा जुन्या धडप्यात गुंडाळून, मोटारसायकलवर मागे बसलेल्याच्या मांडीवर ठेवून, त्याला परभणीला नेले जाते.