दोन करार, एकच सही

गेले सहा आठवडे माझा एक करार आमच्या कंपनीच्या लीगल विभागात अडकून पडलाय. विभाग म्हणजे तरी काय, दोन टेबलं. त्यातलं एक मार्चपासून रिकामं आहे, कारण तिथला वकील नोकरी सोडून अम्मानला परत गेला. एका विद्यापीठाबरोबर आम्हाला पाइपांच्या गंजावर संशोधन करायचंय. पेटंट कोणाचं, हे ठरवणारं नववं कलम या गृहस्थाने खटपट करून बदलून घेतलं होतं. का बदललं, ते फायलीत नाही. आता बाहेरची लॉ फर्म पहिल्या पानापासून सगळं वाचतेय, आणि तासाच्या हिशेबाने बिल लावतेय.

दम्मामसारख्या गावात हे घडावं याची मला गंमत वाटते. सौदी तेलाचा इतिहास भूगर्भशास्त्राचा म्हणून सांगितला जातो (सात नंबरची विहीर, १९३८ वगैरे). पण त्याचा निम्मा भाग वकिलांचा आहे.

२९ मे १९३३ रोजी जेद्दाला तेलाचा मक्ता सही झाला. अमेरिकन कंपनीतर्फे सही करणारा लॉइड हॅमिल्टन स्वतः वकील. राजातर्फे सही केली अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान यांनी. हे सुलेमान तरुणपणी आपल्या मुंबईत एका अरब व्यापाऱ्याच्या पेढीवर कारकुनी करून आलेले! हिशेबात पक्के, घासाघिशीत त्याहून पक्के. पस्तीस हजार सोन्याच्या गिन्न्या त्यांनी पदरात पाडून घेतल्या. पण साठ वर्षांसाठी लिहिलेल्या त्या कागदाचा पुढे काय अर्थ निघू शकतो, हे रोज सांगणारा माणूस त्यांच्या कचेरीत नव्हता.

कंपनीकडे, म्हणजे पुढच्या अराम्कोकडे, असे लोक होते. कायद्याचे होतेच, शिवाय संशोधनाचा वेगळा विभाग होता, आणि त्यात जॉर्ज रेंट्झसारखे अरबी जाणणारे अभ्यासक पगारावर होते. १९५५ मध्ये बुरैमीच्या सीमावादात सौदी सरकारने जी कैफियत मांडली, तिच्या तयारीतही या कंपनीच्या अभ्यासकांचा मोठा हात होता. सरकारला स्वतःच्या सरहद्दीचे पुरावेसुद्धा मक्तेदाराकडून घ्यावे लागले, म्हणजे बघा.

आता मुख्य गोष्ट. जानेवारी १९५४ मध्ये सौदी सरकारने जहाजमालक ॲरिस्टॉटल ओनासिसशी करार केला. त्याच्या टँकर कंपनीला सौदी तेल वाहून नेण्यात तीस वर्षं अग्रक्रम. अराम्को म्हणाली, तेल बाहेर नेण्याचा हक्क तर १९३३ पासून आमचा आहे. आणि ओनासिसच्या करारावर सरकारतर्फे सही कोणाची? त्याच अब्दुल्ला सुलेमान यांची. वीस वर्षांच्या अंतराने एकाच हाताने दोन कागदांवर सही केली, आणि ते कागद एकमेकांशी भांडत होते.

फेब्रुवारी १९५५ मध्ये दोन्ही पक्ष लवादाला कबूल झाले. तीन पंच बसले. मधले पंच स्विस प्राध्यापक जॉर्ज सौझेर-हाल. सरकारने नेमलेला पंच इजिप्तचा, आणि कंपनीने नेमलेले सबा हबाशी हेही इजिप्तचेच. खुद्द सौदी कोणीच नाही. २३ ऑगस्ट १९५८ ला निकाल लागला आणि अराम्को जिंकली. वकील जास्त असते तर सरकार जिंकलं असतं, असं मी म्हणत नाही. कागदाचा मजकूरच विरुद्ध होता. पण जानेवारी १९५४ मध्ये सही करण्याआधी जुना कागद उघडून "साहेब, थांबा" म्हणणारा एक पगारी वकील असता, तर जिनिव्हाला जायची वेळच आली नसती. खटला लढायला वकील भाड्याने मिळतो हो, पण सहीच्या आदल्या दिवशी तो शेजारच्या खोलीत असावा लागतो.

आपल्या पेशव्यांना हे कळत होतं. दिल्ली दरबारात त्यांचे वकील म्हणजे हिंगणे, बापामागून मुलगे. वकील हा शब्द मुळात अरबीच. इथे मात्र तो एजंट, मुखत्यार अशा अर्थाने चालतो, आणि कोर्टातल्याला म्हणतात मुहामी. असो.

सौदी सरकार हे हळूहळू शिकलं, आणि सुरुवात आमच्या दम्माममध्ये झाली. टेक्सासला शिकून आलेला अब्दुल्ला तारिकी १९४८ मध्ये इथल्या, अर्थखात्याच्या तेल-देखरेख कचेरीत लागला. कंपनीचे कागद आणि आकडे सरकारच्या बाजूने वाचणारा माणूस आला. पुढे त्याच्या तेलखात्याने फ्रँक हेंड्रिक्स हा अमेरिकन वकील सल्लागार म्हणून ठेवला. १९५९ च्या कैरोच्या अरब तेल परिषदेत त्याने मांडलं की लोकहितासाठी सरकार असा मक्ता बदलू शकतं. तेल कंपन्या भडकल्या. तरी तोही परदेशीच, करारावर आलेला.

१९६२ मध्ये तारिकी गेला आणि तेलमंत्री झाले अहमद झकी यमानी. कैरो, न्यूयॉर्क आणि हार्वर्डला कायदा शिकलेले, १९५८ पासून सरकारचे कायदा सल्लागार. १९८६ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, माणूस एकाच खुर्चीवर. १९६३ मध्ये मंत्रिमंडळाने ठराव केला की सरकारी खात्यांनी परवानगीशिवाय लवादाकडे जायचं नाही. २०१२ च्या लवाद कायद्यातही पंतप्रधानांच्या मंजुरीची अट आहेच. आणि अराम्को? १९७३ मध्ये पंचवीस टक्के, १९७४ मध्ये साठ, १९८० पर्यंत सगळी सरकारची झाली, तीही वाटाघाटी करून, पैसे मोजून.

यातलं थोडंफार मी गेल्या आठवड्यात आमच्या मॅनेजरला ऐकवलं. तो म्हणाला, "इतिहास छान आहे, पण हेडकाउंट मंजूर नाही." मग मीच अम्मानला फोन लावला. आमचे माजी मुहामी दिलखुलास हसले आणि नवव्या कलमामागचं कारण त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं. ते मी टाइप करून, तारीख घालून फायलीत लावलंय.